रंकाळ्यावर ऊन पडलंय म्हणून निघू नका

जुलैत आमच्या कोल्हापूरच्या ट्रेकच्या ग्रुपवर शनिवारी रात्री एक प्रश्न हमखास येतो. "ताई, इकडं तर उघडीप आहे, उद्या जाऊया की?" माझं उत्तर ठरलेलं असतं: इकडचं राहू दे, गगनबावड्याला किती पाऊस झालाय ते सांग.

कोल्हापूर ते गगनबावडा अंतर जेमतेम ५५ किलोमीटर, पण पावसाचा हिशेब पार वेगळा. अरबी समुद्रावरनं येणारं दमट वारं सह्याद्रीच्या कड्याला अडतं, वर चढतं, गार होतं आणि बहुतेक पाणी तिथंच टाकून मोकळं होतं. शहरात येतो तो उरलासुरला, आणि हातकणंगले-शिरोळकडं त्याहून कमी. त्यामुळं महाद्वार रोडला छत्री न उघडता दिवस निघून जातो आणि त्याच दिवशी बावड्याला दीडशे मिलिमीटर झालेला असतो. आपण फिरायला जातो ते पश्चिमेला. पंचगंगेत उतरतो ते पाणीही पश्चिमेचंच. मग आभाळ शहराचं बघून काय उपयोग?

आदल्या दिवशी मी सगळ्यात आधी हवामान खात्याचा अंदाज बघते, आणि त्यात 'कोल्हापूर' न बघता 'कोल्हापूर घाट' बघते. दोन्ही वेगळे दिलेले असतात. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. घाटाला ऑरेंज असला तर ज्या वाटेवर ओढे आहेत ती वाट मी रद्द करते. मग जोतिबा किंवा पन्हाळा, तेही डांबरी रस्त्यानं. रेडला घरी बसायचं, त्यावर चर्चा नाही. मोबाइलवरच्या रंगीत नकाशांवर पोरांचा फार विश्वास असतो. ते नकाशे मोठ्या चौकोनाची सरासरी काढतात, आणि आपल्याकडं एका चौकोनात कडाही येतो आणि पठारही. म्हणजे कड्यावरचा पाऊस कमी दिसणार, हे धरूनच चालायचं.

दुसरी गोष्ट, जिल्ह्याचा रोजचा पूर अहवाल. पावसाळ्यात रोज येतो आणि सगळ्या ग्रुपवर फिरतो, पण लोक त्यातला एकच आकडा वाचतात: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. मला मात्र पातळीपेक्षा चाल महत्त्वाची वाटते. सकाळी २८ फूट आणि संध्याकाळी ३१ असेल, तर ते स्थिर ३५ पेक्षा वाईट. चढतं पाणी ओंडके, झुडपं, काय वाट्टेल ते घेऊन येतं.

त्याच अहवालात 'पाण्याखालील बंधारे' अशी यादी असते. सायकलवाल्यांनी ती रात्री वाचूनच झोपावं. आपल्या भागातले निम्मे जवळचे रस्ते बंधाऱ्यांवरनं जातात. बंधारा बुडाला की मोठ्या पुलाचा वळसा, म्हणजे तीसची राइड पन्नासची होते. घोटाभर पाणी आहे म्हणून सायकल खांद्यावर घेऊन जाणारे वीर दरवर्षी दिसतात. खाली काँक्रीटवर शेवाळ, बाजूला कठडा नाही.

राधानगरी धरणाचं तिसरं. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, रात्र असो की पहाट, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक सुटतं, म्हणजे सेकंदाला सुमारे चाळीस हजार लिटर. धरण भरत आलंय अशी बातमी असेल तर धरणाखालच्या भोगावती नदीच्या काठावर तंबू नको, नदीत पाय सोडून बसणंही नको.

आता डोंगर. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर जुलैत हजारो माणसं चालतात, त्यामुळं ती सोपी आहे असा समज झालाय. पहिली परीक्षा मसाई पठारावर होते. पन्हाळा कोल्हापूर शहरापेक्षा चारशेक मीटर उंच, म्हणजे हवा आधीच अडीच-तीन अंशांनी गार. पठारावर वाऱ्याला आडोसा नाही. भिजलेलं अंग आणि सतत वारं, यानं वीस अंशांतही माणूस गारठतो. दात वाजणं ठीक आहे. दात वाजायचे थांबले, माणूस गप्प झाला, बोलताना शब्द अडखळायला लागले, तर त्याला तिथंच ओले कपडे बदलून कोरडे घालायचे, आणि नीट शुद्धीत असेल, गिळता येत असेल तरच गोड चहा पाजायचा. गोणपाटासारखा फडफडणारा पोंचो पठारावर कामाचा नाही. अंगाबरोबरचं जाकीट घ्या, आणि सुती बनियन-जीन्स घरी ठेवा. एक जोडी कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, सॅकच्या तळाशी.

धुकं उतरलं की मसाईवर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि सगळ्या पायवाटा सारख्याच वाटतात. अशा वेळी पुढच्यानं थांबायचं. मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. धुकं बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासात जरा तरी विरळ होतं. तेवढ्या वेळात वाट शोधत फिरलं की कड्याच्या बाजूला जायची भीती.

पठार उतरल्यावर वाड्या आणि ओढे. ओढ्याचा आणि पंचगंगेचा स्वभाव उलटा आहे, आणि नवख्यांचा गोंधळ नेमका इथं होतो. पंचगंगा सावकाश चढते आणि त्याहून सावकाश उतरते, कारण नरसोबाच्या वाडीला पुढं कृष्णा भरलेली असली की हिच्या पाण्याला फुगवटा बसतो. ओढा अर्ध्या तासात कमरेपर्यंत येतो आणि वरचा पाऊस थांबला तर दोन-तीन तासांत पुन्हा गुडघ्याखाली जातो. म्हणून ओढ्याजवळ थांबणं हा खरा उपाय आहे, आणि तोच कुणाला नको असतो. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला-फेस यायला लागला, आवाज जड झाला, तर वर कुठंतरी कोसळलाय. आपल्या डोक्यावर थेंब नसला तरी. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर उतरायचं नाही. दोर लावला तर तो हातानं धरायला. कमरेला बांधून पाण्यात जायचं नाही, पाय निसटला तर तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबतो. आणि वाडीतल्या आजोबांनी "आज नगो" म्हटलं, तर ॲप बंद करून त्यांचं ऐकायचं.

जळवांबद्दल सगळे विचारतात. चावतात. मीठ ठेवा.

नदीत पोहणाऱ्यांसाठी आणि कयाकवाल्यांसाठी खरा हंगाम पाऊस सरल्यावरचा. पण तेव्हा बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात आणि पाणी वरनं सांडत असतं. सांडव्याच्या खाली पाणी उलटं फिरून पुन्हा भिंतीकडं येतं. वरनं बघताना ती फूट-दोन फुटांची पायरी वाटते, पण त्या भोवऱ्यात सापडलेल्याला बाहेर पडता येत नाही, लाइफ जाकीट असलं तरी. बंधारा दिसला की बऱ्याच आधी काठाला लागा, कयाक उचला, चालत पलीकडं जा. पुरात शिवाजी पुलावरनं उड्या मारण्याची हौस आपल्याकडं जुनी आहे. त्याला मर्दानगी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण माझ्या ग्रुपमध्ये ते चालत नाही.

विजांचा धोका भर पावसाळ्यापेक्षा वळवाच्या आणि परतीच्या पावसात जास्त. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये सकाळ स्वच्छ असते, दुपारी उकडतं, ढगांचे मनोरे चढतात आणि बऱ्याचदा ते पूर्वेकडनं येतात, म्हणजे सगळे पश्चिमेला बघत असताना. पडलेलं वारं अचानक गार होऊन सुटलं की वेळ संपली. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तिसाच्या आत आलं तर पठार सोडा. एकट्या झाडाखाली नको, बुरुजावर नको, घोळका करूनही नको. 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं, पण रेंज असेल तिथंच. त्यामुळं या महिन्यांत मी पहाटे पाचला पायथा सोडते आणि बाराच्या आत सगळ्यांना खाली आणते. उशिरा उठणाऱ्यांनी मिसळ खायला थेट पायथ्याला यावं.