ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावाचा इतिहास कसा शोधायचा (गंडगायचं उदाहरण घेऊन)

ऑस्ट्रेलियात आतल्या भागात नोकरीला किंवा नुसतं फिरायला गेलात की दोन दिवसात एक प्रश्न पडतोच. मेन रोड एवढा रुंद, दगडी कोर्ट, मोठाली बँकेची बिल्डिंग, कोपऱ्याकोपऱ्यावर पब, आणि वस्ती मात्र जेमतेम दोन हजार, हे कसं काय? मला हा प्रश्न पडला गंडगायमध्ये. सिडनीहून मेलबर्नकडे जाताना साधारण ३९० किलोमीटरवर न्यू साउथ वेल्स राज्यात मरमबिजी नदीच्या काठी हे गाव आहे. तेव्हापासून रात्री जेवण झालं की लॅपटॉप घेऊन बसायची सवयच लागली, आणि त्यातून जी पद्धत जमली ती इथे लिहितोय, गाव कुठलंही घ्या, रीत तीच आहे.

सगळ्यात आधी नकाशा उघडा आणि गाव नेमकं याच जागी का, हे स्वतःला विचारा. स्थापनेचं साल, पहिला गोरा रहिवासी वगैरे नंतर. गंडगायचं उत्तर सोपं आहे, इथे नदी ओलांडता यायची. १८२९ मध्ये चार्ल्स स्टर्ट हा इंग्रज शोधप्रवासी या बाजूने गेला, त्याच्या मागून मेंढ्यांचे कळप घेऊन लोक आले, सिडनीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेवर नदी लागते म्हणून तिथे नदी ओलांडायची जागा, मग पब, मग लोहार, मग दुकान, आणि १८३८ मध्ये सरकारने गॅझेटमध्ये गाव म्हणून जाहीर केलं. पण गाव आखलं कुठे, तर नदी आणि मॉर्लीज क्रीक यांच्या मधल्या सपाटीवर! सॅटेलाइट व्ह्यूमध्ये बघा, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला ओढा, मधे हिरवंगार मैदान, आज तिथे जवळपास घरं नाहीत आणि गाव वर टेकडीच्या उतारावर. हे रिकामं मैदान दिसलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की या गावाची खरी गोष्ट इथे आहे. नकाशात जी जागा उगाच मोकळी दिसते तिच्यापासून सुरुवात करा.

दुसरी पायरी बरेच जण गाळतात, ती म्हणजे गावाच्या आधी तिथे कोण होतं. गंडगाय हा विराजुरी लोकांचा मुलूख. नदी किती चढते हे त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं, त्यांनी गोऱ्या लोकांना सांगितलंही होतं, ऐकलं कुणी नाही. १८४४ मध्ये पूर आला, लोकांनी सरकारकडे वरची जागा मागितली, मिळाली नाही. आणि मग १८५२ च्या जून महिन्यात, २४ तारखेच्या रात्रीपासून २५ पर्यंत, पाणी असं चढलं की माणसं माळ्यावर, मग छपरावर, मग झाडांवर. सुटकेला निघालेली होडी उलटली. अडीचशेच्या आसपास वस्तीचं गाव, त्यातली किमान ७८ माणसं गेली, काही ठिकाणी हा आकडा ८९ पर्यंत लिहिलेला सापडतो. असे दोन आकडे मिळाले तर दोन्ही लिहून ठेवा, कुठे मिळाला तेही लिहा, आपल्या मनाने एक खोडू नका.

त्याच पुरात यारी नावाचा विराजुरी माणूस झाडाच्या सालीच्या छोट्या होडीतून, जिच्यात त्याच्याशिवाय एका वेळी एकच माणूस मावेल अशा होडीतून, अंधारात, त्या लोंढ्यात, परत परत जात राहिला. जॅकी जॅकी हा दुसरा विराजुरी माणूस, त्याची होडी जरा मोठी होती. यारीने ४९ आणि जॅकी जॅकीने २०, असे मिळून ६९ जीव वाचवल्याचं सांगितलं जातं. एक एक माणूस आणायचं आणि ४९ माणसं, म्हणजे किती फेऱ्या झाल्या असतील याचा हिशोब करून बघा, मी केला तेव्हा बराच वेळ पुढे काही वाचवेना. गावाने त्यांना पितळी बिल्ले दिले, पण गावच्या मेन रोडवर, शेरिडन स्ट्रीटवर, दोघांचा ब्राँझचा पुतळा उभा राहायला २०१७ साल उजाडलं. म्हणून म्हणतो, गावाच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर 'पायोनियर' आणि मूळ लोकांवर दोन ओळी असतील तर तिथेच थांबू नका. कॅनबेराला आदिवासी आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर अभ्यासाची राष्ट्रीय संस्था आहे, तिचा भाषा आणि लोकसमूहांचा नकाशा ऑनलाइन आहे, तो आधी बघा, आणि न्यू साउथ वेल्समधलं गाव असेल तर तिथल्या लोकल अ‍ॅबोरिजिनल लँड कौन्सिलला नम्रपणे मेल करून विचारा. जुन्या पेपरांत या लोकांबद्दल फार घाण शब्द आहेत, वाचताना मन घट्ट करावं लागतं, आणि आपल्या लिखाणात ते शब्द जसेच्या तसे उतरवायची काहीच गरज नाही.

आता खरं काम, ट्रोव्ह. ही नॅशनल लायब्ररीची फुकट साइट आहे, २००९ पासून चालू, आणि आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला याच्याइतकी मोठी मदत दुसरी नाही. जुने पेपर पानापानाने स्कॅन केलेत आणि सर्च होतात. गंडगायचा गंडगाय टाइम्स १८६८ पासूनचा मिळतो, गंडगाय इंडिपेंडंट १८९८ पासूनचा. पण नुसतं गावाचं नाव टाकलंत तर हजारो निकाल येतील आणि तुम्ही वैतागून लॅपटॉप बंद कराल. नाव अवतरणात टाका, सोबत एकच शब्द द्या, पूल, शाळा, पूर, पब लायसन्स असा (अर्थात इंग्रजीत), मग बाजूच्या फिल्टरमधून दशक निवडा, आणि आधी गावचा पेपर, नंतर शेजारच्या गावचा. शेजारच्या पेपरात चुगल्या जास्त असतात, म्हणजे पूल का रखडला, कोण कुणाशी भांडलं, आपला पेपर जे झाकतो ते तो सांगतो.

मशीनने वाचलेला मजकूर बऱ्याचदा फाटका असतो. शाई पसरलेली, कॉलम वाकडा, त्यामुळे नावांची तर वाटच लागते. त्यात मुळातच लोक एकच नाव चार प्रकारे लिहायचे, यारीचंच स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेचं मिळतं. म्हणून प्रत्येक नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधा. आणि चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करा, ती सोय सगळ्यांना आहे, तुमच्या नंतर येणाऱ्याला ती ओळ सर्चमध्ये सापडेल. मी रोज झोपायच्या आधी निदान दहा ओळी सुधारतो.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. सिडनीच्या पेपरावरची तारीख हीच घटनेची तारीख समजून मी वहीत उतरवत गेलो. तेव्हा बातमी घोड्यावरून यायची, पोचायला दिवस लागायचे! बातमीतच 'गेल्या शुक्रवारी' वगैरे असतं, त्यावरून मागे मोजायचं. अर्धी वही परत लिहावी लागली.

पैशाचं पण लक्षात ठेवा, १४ फेब्रुवारी १९६६ पर्यंत पाउंड, शिलिंग, पेन्स होते, १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पाउंड, आणि बदल झाला तेव्हा एका पाउंडाचे दोन डॉलर. जमिनीचं माप चेनमध्ये, एक चेन म्हणजे ६६ फूट, दहा चौरस चेन म्हणजे एक एकर. जुना पॅरिश मॅप उघडलात की हे लागतंच. (पॅरिश म्हणजे इथे चर्चचा काही संबंध नाही, काउंटीच्या खालचा जमीन मोजणीचा भाग, आपल्या गट नंबरच्या नकाशासारखं समजा.) न्यू साउथ वेल्सचे हे नकाशे सरकारच्या लँड रेकॉर्डच्या साइटवर फुकट बघता येतात, प्लॉटवर मालकाचं नाव हाताने लिहिलेलं असतं. इथे १८६१ चा जमीन कायदा माहीत पाहिजे. त्याआधी स्क्वॉटर लोकांनी अवाढव्य जमिनी मेंढ्यांसाठी धरून ठेवलेल्या, या कायद्याने कुणालाही ४० ते ३२० एकर निवडून एकरी एक पाउंड भावाने घेता येऊ लागली, चौथा हिस्सा आधी भरायचा. त्यांना सिलेक्टर म्हणायचे. नकाशात मोठ्या प्लॉटच्या पोटात, ओढ्याच्या कडेकडेने लहान लहान तुकडे दिसले तर ओळखा की इथे झटापट झालेली आहे, कारण पाणी ज्याच्याकडे त्याची जमीन.

गाव वाढलं की अडलं हे मात्र रेल्वेवरून कळतं, आणि गंडगाय यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. १८५२ नंतर, आणि पुढच्याच वर्षी परत पूर आल्यावर, गाव वर सरकलं. १८६७ ला प्रिन्स अल्फ्रेड पूल खुला झाला, सिडनी-मेलबर्न रस्त्यावरचं महत्त्वाचं ठिकाण, सगळं छान चाललेलं. मग सिडनीकडून दक्षिणेची मुख्य रेल्वे आली आणि ती गंडगायला न येता कूटामंड्रा, जूनी, वागा या आजूबाजूच्या ठिकाणांवरून गेली. कूटामंड्रा मोठं झालं. गंडगायला १८८६ मध्ये कूटामंड्राहून एक फाटा मिळाला, १९०३ मध्ये तोच पुढे ट्यूमटपर्यंत गेला, त्यासाठी पूरमैदानावर लाकडी पूल बांधला. मुख्य लाइन आणि फाटा यातला फरक म्हणजे हायवेवरचं हॉटेल आणि गल्लीतलं हॉटेल. १९८४ च्या पुरानंतर तो फाटाही बंद पडला. त्याआधी १९७७ मध्ये शीहान पूल झाला आणि ह्यूम हायवेची, म्हणजे त्याच सिडनी-मेलबर्न रस्त्याची, वाहतूक शेरिडन स्ट्रीटवरून हटली. म्हणजे रुंद रस्ता आणि थोडी माणसं याचं उत्तर इथे मिळालं, रस्ता त्या रहदारीसाठी होता जी आता बाहेरून जाते. तुमच्या गावासाठी एक कागद घ्या, डावीकडे साल, उजवीकडे रस्ता, रेल्वे, पूल, बायपास यांच्या तारखा, आणि त्याच कागदावर शाळा, बँक, हॉस्पिटल कधी उघडलं आणि कधी बंद झालं ते लिहा. त्यात लोकरीचे भावही टाका, कोरियन युद्धाच्या वेळी १९५०-५१ मध्ये पाउंडभर वजनाच्या (साधारण अर्धा किलो) लोकरीला एक पाउंड पैसे मिळत होते, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये किमान भावाची योजना कोसळली. मेंढ्यांवर जगणाऱ्या गावात नवा हॉल किंवा स्विमिंग पूल कधी आला आणि दुकानं कधी मिटली याचा अंदाज या दोन तारखांवरून बऱ्यापैकी येतो.

लोकसंख्येच्या आकड्यांत लोक फसतात. जुन्या जनगणनेत नावांची यादी मिळेल ही आशा धरू नका, न्यू साउथ वेल्सची १८८१ ची कागदपत्रं १८८२ च्या गार्डन पॅलेसच्या आगीत जळाली, आणि नंतरच्या काळातही वैयक्तिक फॉर्म नष्ट करायचाच रिवाज होता. हातात येतात बहुतेक बेरजाच, अपवाद १८९१ आणि १९०१ च्या जनगणनेच्या वह्यांचा, त्यांत कुटुंबप्रमुखांची नावं आहेत. त्यातही गावठाण वेगळं, सबर्ब वेगळा, कौन्सिलचा एरिया वेगळा, तिघांचे आकडे तीन. गंडगायची कौन्सिल २०१६ मध्ये कूटामंड्राबरोबर एकत्र केली, त्यामुळे कौन्सिलचा आकडा घेतलात तर गाव एका वर्षात कित्येक पट वाढलं असं दिसेल. कोणती हद्द धरलीय ते आकड्याशेजारी लिहायचंच. माणसं शोधायची असतील तर जन्म-मृत्यू नोंदी बघा, न्यू साउथ वेल्समध्ये त्या १८५६ पासून आहेत, पण ऑनलाइन इंडेक्समध्ये जन्म १०० वर्षांपूर्वीचे, लग्नं ५० आणि मृत्यू ३० वर्षांपूर्वीचेच दिसतात.

फोटो शोधायला विसरू नका. गंडगायचं नशीब थोर, तिथे डॉक्टर चार्ल्स गॅब्रिएल नावाचे एक डॉक्टर होते ज्यांना फोटोचा नाद होता, त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज नॅशनल लायब्ररीत आहेत आणि ऑनलाइन बघता येतात. असा फोटो मोठा करून कडेकडेने बघा, दुकानाची पाटी, चिखलातले चाकांचे चर, मागे उभं असलेलं पोर, कारण मधल्या साहेबाकडे सगळेच बघतात, पण त्या वेळचा रस्ता कच्चा होता की पक्का हे चाकांच्या चरावरून कळतं.

ट्रोव्हवरचे बहुतेक पेपर १९५४ ला थांबतात, कॉपीराइटमुळे. त्यापुढचं तुम्हाला माणसांकडूनच मिळणार. गावात हिस्टॉरिकल सोसायटी किंवा म्युझियम असतं, बहुधा व्हॉलंटियर चालवतात, आठवड्यातून थोडेच तास उघडं, त्यामुळे आधी फोन करा. आणि जाताना 'गावाची माहिती द्या' असं मोघम विचारू नका, बिचारे काय सांगणार. तुमचा तो तारखांचा कागद समोर ठेवा आणि एकाच जागेवर बोट ठेवून विचारा, बायपास झाला तेव्हा मेन रोडवर कुठलं दुकान सगळ्यात आधी बंद झालं? असं विचारलं की आजीबाई खुर्ची ओढून बसतात आणि मग तास-दीड तास तुम्हाला फक्त लिहून घ्यायचं असतं. हयात माणसांची नावं त्यांना विचारल्याशिवाय छापू नका.

सगळं जमलं आणि पन्नास पानांची का होईना पुस्तिका काढलीत, तर कायद्याप्रमाणे एक प्रत महिन्याभरात नॅशनल लायब्ररीला द्यावी लागते, राज्याच्या लायब्ररीचाही असाच नियम असतो, पीडीएफ असेल तर ऑनलाइन अपलोड होते. एक प्रत गावच्या म्युझियमला, आणि एक त्या आजीबाईंना, त्यांच्या पानावर खूण घालून.