आखातात कामाला जायचंय? पासपोर्टपासून पहिल्या पगारापर्यंत

सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की माझ्या सेतू केंद्रात पोरं यायला लागतात. कुणाचा आयटीआय झालेला असतो, कुणी यवतमाळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात राबून हात बसवलेला असतो. "ताई, पासपोर्ट काढाचा हाये. दुबईले जाचं हाये." आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. माझा धाकटा भाऊ अबुधाबीत वेल्डर आहे. त्याच्या वेळी जे कागद फिरवले त्यातूनच मी हे शिकले. टेबलापलीकडच्या पोराला जे सांगते, तेच इथं लिहिते.

पासपोर्टचा फॉर्म भरण्याआधी आधार, शाळेची टीसी, दहावीची मार्कशीट आणि पॅन हे चार कागद शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. मराठीत सगळीकडे 'ज्ञानेश्वर'च असतं. इंग्रजीत मात्र आधारवर डी-एन-वाय आणि मार्कशीटवर जी-वाय. वडिलांचं नाव एका कागदावर 'पुंडलिक', दुसऱ्यावर 'पुंडलीकराव'. जन्मतारखेचंही तसंच. गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या वर्गाची तारीख १ जून नाहीतर १ जुलै टाकलेली असते आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर निघते दुसरीच. आधी सगळं एका रांगेत आणा. आधार दुरुस्तीला थोडे दिवस जातील, जाऊ द्या. पुढे व्हिसा, करार, बँक, विमा सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव चालतं. तिथं एकदा चुकीचं छापलं की प्रत्येक ठिकाणी खुलासा देत बसावं लागतं.

आडनावाचा रकाना कधीच रिकामा सोडू नका. आमच्याकडे बऱ्याच आदिवासी घरांत, आणि बायकांच्या कागदांवर तर नेहमीच, नुसतं एकेरी नाव असतं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या माणसाला व्हिजिट व्हिसावर प्रवेश द्यायचं थांबवलं आहे. असं असेल तर आडनाव आधी आधारवर चढवा, मग पासपोर्टकडे वळा.

३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळ हवा असेल तर वर २,००० लागतात, पण सहसा तशी घाई नसते. ही फी सरकारी पोर्टलवर भरतात, कुणाच्या हातात देत नाहीत. अपॉइंटमेंट जवळच्या पासपोर्ट केंद्राची घ्या. आपलं विभागीय कार्यालय नागपूरला आहे. पोलीस पडताळणीसाठी ठाण्यातून फोन येतो, म्हणून फॉर्मवर चालू असलेला नंबर द्या. पोरगं पुण्याला कामावर आणि पत्ता गावचा, असं असेल तर पडताळणीच्या वेळी गावात हजर राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दहावी पास असाल तर दहावीचं प्रमाणपत्र फॉर्मसोबत लावाच. ते लावलं नाही तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे 'परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागेल' असा शिक्का बसतो. असा पासपोर्ट घेऊन सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची, म्हणजे बाहेर कामाला जाणाऱ्यांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. ज्याची दहावी झालेली नाही त्याने ही मंजुरी म्हणजे कटकट समजू नये. ती घेताना तुमचा करार, पगार, कंपनी सगळं सरकारच्या नोंदीत येतं. उद्या काही झालं तर तो कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

एजंटचं आता नीट वाचा, पोरं बुडतात ती इथंच. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परदेशी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवानाधारकांची यादी आहे आणि परवाना नसलेल्यांचीही आहे. परवाना नंबर मागा, स्वतः पोर्टलवर टाका, कार्यालयाचा पत्ता जुळतो का बघा. तो परवाना मुंबईतल्या ऑफिसचा असतो, बसस्टँडवर चहा पाजणाऱ्या माणसाचा नसतो. परवानाधारकाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४०० रुपये, आणि तेही पावतीवर. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकानेच करायचा आहे.

आमच्याकडे मागतात दीड लाख. पोरगं ते शेकडा पाचने उचलतं. महिन्याला साडेसात हजार नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथं. आई अंगावरचं मोडते, बाप सातबारा घेऊन सावकाराकडे जातो. आमच्या यवतमाळ जिल्ह्याने सावकारी कर्जापायी काय काय पाहिलं ते मी वेगळं सांगायला नको. त्या कर्जाचं ओझं घेऊन गेलेला पोरगा तिथं कसलाही जुलूम मुकाट सोसतो, कारण त्याला परत यायची सोय उरलेली नसते. म्हणून पोराला सांगते, दीड लाख मागणाऱ्याला नाही म्हण. गाडी चुकली तर चुकू दे.

'व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलून देऊ' असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागं फिरा. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. दंड तुम्हाला होतो, एजंट इथंच बसलेला असतो. थायलंड, कंबोडिया, म्यानमार, लाओस इकडच्या 'कॉम्प्युटरवर बसून भरपूर पगार' असल्या जाहिरातींपासून लांब राहा. तिथं पोरांना डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतल्याबद्दल सरकारने उघड इशारे दिले आहेत.

खऱ्या करारात काय बघायचं? माझा एक हट्ट असतो. करार आला की पोराच्या आईला नाहीतर बायकोला शेजारी बसवते आणि सगळ्यांसमोर मोठ्याने मराठीत वाचते. सगळ्यांचं लक्ष एकूण पगाराकडे असतं, तुम्ही बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, बघा. समजा दोन कंपन्या महिन्याला १,८०० दिरहमच देतात. एकीचं बेसिक ८०० आणि बाकी भत्ते, दुसरीचं बेसिक १,२००. वरवर सारखंच. पण अमिरातीत वर्षभर काम झालं की नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी ती वर्षाला २१ दिवसांचं बेसिक अशी धरतात. ८०० वाल्याचे वर्षाला ५६० दिरहम होतात, १,२०० वाल्याचे ८४०. पाच वर्षांत १,४०० दिरहमचा फरक पडला. ओव्हरटाइमही बेसिकवरच मोजतात, २५ टक्के जादा, आणि रात्री १० ते पहाटे ४ पर्यंत ५० टक्के जादा. वेल्डरला ओव्हरटाइम भरपूर असतो, म्हणून त्याने हे आकडे पाठच करावेत. शिवाय राहणं, जेवण, कामावर ने-आण, मेडिकल, परतीचं तिकीट यातलं काय कंपनीचं आणि काय तुमचं, ते कागदावर असू द्या. फोनवरचं बोलणं धरू नका. कामाचं नावही बघा. इथं 'वेल्डर' आणि करारात 'हेल्पर' लिहिलं असेल तर तिथं हेल्परचाच पगार मिळेल.

मेडिकल, ट्रेड टेस्ट, प्रमाणपत्रांचं साक्षांकन हे एजंट किंवा कंपनी सांगेल तसं होत जातं. पावत्या तेवढ्या जपा. सौदीला जाणाऱ्यांची बऱ्याच कामांसाठी कौशल्य चाचणी इथंच होते. हात तयार असेल तर ती अवघड नाही.

प्रवासी भारतीय बीमा योजना मात्र विसरू नका. ईसीआर पासपोर्टवाल्यांना ती सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. पॉलिसीची प्रत घरी ठेवा. वारसाला माहीतच नसेल तर विम्याचा काय उपयोग? प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा भारतातून लागणारा टोल-फ्री नंबर १८०० ११ ३०९० आहे. तो पोराच्या मोबाइलमध्ये घाला आणि घरच्या भिंतीवर कॅलेंडरखालीही लिहून ठेवा.

तिथं पोचल्यावर पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. अमिरातीत मालकाने तो अडकवून ठेवणं बेकायदा आहे. पगार बँकेतून किंवा कार्डावर जमा होतो, त्याची सरकारी नोंद राहते. 'रोख देतो, सही कर' म्हणणाऱ्यासमोर सही करू नका. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घ्यायला बंदी आहे. आपण एप्रिल-मेच्या उन्हात शेतात राबलेले असतो म्हणून ऊन अंगावर घ्यायची खुमखुमी असते. तिथं ती दाखवू नका, तिथल्या दमट हवेत घाम सुकत नाही. पाणी पीत राहा.

गावात एक बोलणं ऐकू येतं आणि ते मला लागतं. 'शेती सोडून पळाला.' कोण पळालं? अमिरातीत दहातले जवळपास नऊ जण बाहेरून आलेले आहेत, त्यातले ३५ लाखांहून जास्त आपले भारतीय. रस्ते, पाइपलाइन, टॉवर, दवाखाने त्यांच्या हातांवर चालतात. आमच्या पोराला जिल्हा परिषदेच्या शाळेने शिकवलं, सरकारी आयटीआयने हात दिला, आईने भाकरी घातली. त्या देशाला तो विशीचा, कामाला तयार असाच मिळाला. त्याच्या लहानपणावर त्यांचा एक दिरहम खर्च झाला नाही. आल्या दिवसापासून तो कमावतो आणि तिथं खर्चही करतो. आयकर नसला तरी २०१८ पासून तिथं ५ टक्के व्हॅट आहे, सौदीत तर १५ टक्के. साबण घेतला तरी तो त्या सरकारच्या तिजोरीत भर घालतो. तिथं मान खाली घालून राहायचं काही कारण नाही, त्या देशाला त्याची गरज आहे.

आणि इथं? जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये परदेशी राहणाऱ्यांनी भारतात १२९ अब्ज डॉलर पाठवले, जगात सगळ्यात जास्त. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत या पैशातला सर्वात मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, २०.५ टक्के, केरळच्याही पुढे. त्यातलं बरंचसं मुंबई-पुण्याचं असेल, विदर्भातल्या खेड्यांत थोडंच येतं. पण जे येतं ते दिसतं. बाहेरून तेल, खाद्यतेल, खत घ्यायला देशाला डॉलर लागतात. आमच्या कृषी केंद्रातल्या डीएपीच्या गोणीमागेही तेच डॉलर असतात, आणि पोरांनी पाठवलेल्या पैशातून ते देशात येतात. भावाचे पैसे यायला लागले तसं आधी कृषी केंद्राची उधारी मिटली, मग दुकानदाराने तूर निघेपर्यंत थांबायची गळ घालणं सोडलं. बाबा आता कापूस भाव बघून विकतात. घरात आला त्याच आठवड्यात व्यापाऱ्याच्या गाडीत टाकत नाहीत.

पैसे बँकेतून किंवा अधिकृत एक्सचेंजमधूनच पाठवा. हुंडीवाला भाव दोन पैसे जास्त देईल, पण ते बेकायदा आहे आणि त्या पैशाची कुठंच नोंद राहत नाही. उद्या कर्ज काढायला गेलात तर दाखवणार काय? कामासाठी बाहेर गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ (बाहेर राहणाऱ्याचं इथल्या पैशासाठीचं खातं) करून घ्या आणि तिकडच्या कमाईसाठी एनआरई खातं उघडा. एनआरईच्या व्याजावर इथं आयकर नाही.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा. सावकार आधी, एक पैसाही दुसरीकडे वळवायच्या आत. मग पाणी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. दिवसा ओलीत झालं की रब्बीचा हरभरा हातात येतो. मग बहीण-भावांचं शिक्षण. स्लॅबचं घर त्यानंतर. आधी घर बांधून मग पाण्यासाठी रडणारी माणसं मी पाहते आहे.

शेत घ्यायचं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कामासाठी परदेशी राहणारा माणूस फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार 'बाहेर राहणारा' ठरतो आणि त्याला स्वतःच्या नावावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वारसाने येते ती त्याचीच राहते, तिला बाधा नाही. पण शेजारचे दोन एकर निघाले आणि पोराने तिकडून इसार पाठवला तर दस्ताच्या वेळी अडचण उभी राहते. म्हणून इसार देण्याआधी वकिलाला विचारा, पैसे रीतसर बायकोच्या खात्यात पाठवा आणि खरेदी तिच्या नावावर करा. वर्षभर त्या शेतात तीच राबणार आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव असायलाच हवं.