तहसीलला जाण्याआधी: घरातल्या ज्येष्ठांच्या कागदांची तयारी

सुरुवात आधार कार्डापासून. त्यावर 1 जानेवारी किंवा नुसतं साल आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळीच तारीख, असं असेल तर आधी ती दुरुस्ती. वयाची अट असलेले अर्ज हमखास इथेच अडतात. मग मोबाइल. आधारला जोडलेला नंबर चालू हवा, कारण म्हातारपणी बोटांच्या रेषा पुसट होतात, ठसा जुळत नाही आणि ओटीपीवरच काम निघतं.

बँकेत 'आधार लिंक आहे का' एवढंच विचारू नका. 'डीबीटीसाठी सीडिंग कोणत्या खात्याला आहे?' असं विचारा, म्हणजे सरकारी अनुदान थेट जमा होण्यासाठी आधार नेमक्या कोणत्या खात्याशी नोंदलंय ते कळेल. शेवटी ज्या खात्याला सीडिंग झालं, अनुदान त्यातच जातं आणि घरचे भलत्याच पासबुकात एंट्री शोधत बसतात. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. अधूनमधून शंभर रुपये काढा.

सत्तरी पूर्ण झाली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढा, दवाखान्यात भरती करताना नव्हे. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. मात्र ओपीडीची फी आणि रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

ज्येष्ठांना पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्यायचा: वय 65, वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत, राज्यात 15 वर्षांचं वास्तव्य. उत्पन्नाची ही मर्यादा आजच्या काळात हास्यास्पद आहे, पण आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेला 2 लाखांपर्यंत उत्पन्न चालतं, तिचे 3,000 रुपये आधाराची साधनं घ्यायला एकदाच मिळतात. वॉकर किंवा कमोड खुर्चीचं बिल ज्येष्ठाच्याच नावाने घ्या, ते 30 दिवसांत सादर करावं लागतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष सहीकडे होतं. स्मृतिभ्रंश वाढून समज गेली की कुलमुखत्यारपत्राला (पॉवर ऑफ अटर्नी) कायद्याने अर्थ उरत नाही. मग बँक दाद देत नाही आणि पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून डोकं शाबूत आहे तोवरच खातं संयुक्त, 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीचं करा आणि नॉमिनी नोंदवा.

घरातलेच सांभाळत नसतील तर पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातो. तिथे वकिलाची गरज नाही. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. फोन लावताना पत्ता, वय आणि चालू औषधांची चिठ्ठी समोर ठेवा.