सी प्लस प्लसमध्ये स्टॅटिक मेंबरला व्हॅल्यू नेमकी कुठे द्यायची

क्लासमध्ये स्टॅटिक व्हेरिएबल (सगळ्या ऑब्जेक्टसाठी मिळून एकच असणारं) लिहिलं, कंपाइलही झालं आणि शेवटी लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्रॅम, 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून अडून बसला, असं नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांचं होतं. मग क्लासचाच कोड उलटापालटा करत बसतात, पण चूक तिथे नसतेच. क्लासमधली ती ओळ फक्त डिक्लेरेशन असते, त्या व्हेरिएबलला मेमरीत जागा अजून मिळालेलीच नसते.

समजा खाते नावाचा क्लास आहे आणि एकूण किती खाती उघडली ते मोजायचंय. आधी हेडरमध्ये, क्लासच्या आत:

स्टॅटिक इंट एकूण;

मग सीपीपी फाइलमध्ये, सगळ्या फंक्शनच्या बाहेर:

इंट खाते::एकूण = 0;

इथे स्टॅटिक परत लिहायचं नाही, टाइप मात्र लिहायचाच, आणि 'खाते::' विसरलात तर भलतंच एक ग्लोबल व्हेरिएबल तयार होतं, कंपायलर चकार शब्द काढत नाही आणि लिंकरची एरर आहे तशीच राहते. एकूण प्रायव्हेट असलं तरी ही ओळ चालते.

कन्स्ट्रक्टरमध्ये एकूण = 0 अजिबात करू नका. प्रत्येक नवीन खात्याला काउंट परत शून्यावर येईल आणि जागेचा प्रश्न तर सुटणारच नाही. तिथे फक्त एकूण++ करा.

सीपीपीमधली ती ओळ, म्हणजे जागा देणारी डेफिनिशन, हेडरमध्येच टाकली तर? तो हेडर दोन सीपीपी फाइलींनी इन्क्लूड केला की 'मल्टिपल डेफिनिशन' आलंच. इन्क्लूड गार्ड इथे कामाचा नाही, तो एकाच फाइलमध्ये हेडर दोनदा येऊ देत नाही, एवढंच. लिंकरला डेफिनिशन एकच लागते, कमी नाही जास्त नाही.

सी प्लस प्लस 17 पासून ही कटकट संपली, क्लासच्या आतच लिहा:

इनलाइन स्टॅटिक इंट एकूण = 0;

सीपीपीमधली ओळ मग काढून टाका. नवीन कोडमध्ये मी तरी हेच वापरा म्हणेन. जीसीसी कंपायलरमध्ये व्हर्जन 11 पासून सी प्लस प्लस 17 किंवा त्यापुढचंच डीफॉल्ट आहे, जुन्या कंपायलरला फ्लॅग द्यावा लागतो, आणि कॉलेजात अजून टर्बो सी प्लस प्लस असेल तर वरची दोन ओळींचीच पद्धत.

न बदलणारी व्हॅल्यू असेल तर स्टॅटिक कॉन्स्ट इंट मर्यादा = 50; असं क्लासमध्येच पूर्वीपासून चालतं, पण तीच मर्यादा एसटीडी::मॅक्सला दिली की ते रेफरन्स मागतं आणि परत अनडिफाइन्ड रेफरन्स येऊ शकतो, शिवाय ऑप्टिमायझेशन चालू केलं की एरर कधीकधी गायब होते त्यामुळे माणूस अजूनच गोंधळतो. तिथे कॉन्स्टच्या जागी कॉन्स्टएक्स्प्र लावा, 17 मध्ये असा स्टॅटिक मेंबर आपोआप इनलाइन धरला जातो.

एक जागा खरंच सांभाळा. एका फाइलमधल्या स्टॅटिकला सुरुवातीची व्हॅल्यू देताना दुसऱ्या फाइलमधला स्टॅटिक ऑब्जेक्ट वापरू नका, कारण दोघांपैकी आधी कोण तयार होईल याची गॅरंटी नसते. प्रोग्रॅम आज नीट चालेल, उद्या सुरू होतानाच क्रॅश होईल. त्यापेक्षा तो ऑब्जेक्ट एका स्टॅटिक फंक्शनच्या आत लोकल स्टॅटिक म्हणून ठेवा आणि त्याचा रेफरन्स रिटर्न करा, म्हणजे पहिल्यांदा मागाल तेव्हाच तो तयार होतो, आणि सी प्लस प्लस 11 पासून अनेक थ्रेडनी एकदम मागितला तरी एकदाच.