एअर फोर्समध्ये पायलट व्हायचंय? मग आधी पीपीएल, म्हणजे खासगी विमान उडवायचं प्रायव्हेट पायलट लायसन्स, करायचं का?

पहिलं काम मेडिकल, पैसे भरायच्या आधी. फ्लाइंग ब्रँचला उंची किमान १६२.५ सेमी आणि पायाची लांबी ९९ ते १२० सेमी लागते, ती बसत नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही, म्हणून घरीच टेप घेऊन मोजा आणि डोळे नीट तपासून घ्या.

वयाची १६ वर्षं पूर्ण झाली की स्टुडंट पायलट लायसन्स, १७ ला पीपीएल, त्यासाठी किमान ४० तास फ्लाइंग. बारामतीला शिकता येतं, पण खर्च लाखांत जातो, त्यामुळे कर्ज काढून करू नका खरंच. त्याआधी कॉलेजात एनसीसी एअर विंग घ्या, मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे छोट्या हलक्या विमानात, बसायला मिळतं आणि एनसीसीच्या सी सर्टिफिकेटवर एअर फोर्समध्ये स्पेशल एंट्रीही आहे.

पीपीएल असलं तरी दुंडिगलच्या एअर फोर्स अकॅडमीत सगळं पहिल्यापासूनच शिकवतात, मग फायदा काय? रेडिओवर बोलायची भीती जाते, हवामान वाचता येतं आणि आपल्याला हे झेपतंय का ते कळतं. सीपीएसएस, म्हणजे पायलट निवडीची कॉम्प्युटरवरची चाचणी, मात्र आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात की एअर फोर्समध्ये पायलटचा रस्ता बंद, म्हणून तिथे झोप पूर्ण करून, डोकं शांत ठेवून जा.