कॉर्न स्नेक: रंगांचे गणित आणि अंड्यांची निगा

कॉर्न स्नेक या पाळल्या जाणाऱ्या बिनविषारी सापाच्या रंगांचे संकर करू इच्छिणाऱ्याने नर-मादी एकत्र सोडण्याआधी वही उघडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सापाच्या अंगावर दिसणारा रंग ही निम्मीच माहिती असते. उरलेली निम्मी त्याच्या आईबापांच्या नोंदीत असते आणि ती नोंद नसेल, तर पिल्लांविषयीचा कोणताही दावा हा अंदाजच ठरतो.

साध्या कॉर्न स्नेकच्या रंगात लाल आणि काळ्या रंगद्रव्यांचा मोठा वाटा असतो. काळे रंगद्रव्य तयारच झाले नाही, तर लाल डोळ्यांचा, केशरी-तांबडा ‘अ‍ॅमेल’ मिळतो; लाल तयार झाले नाही, तर करडा-काळा ‘अ‍ॅनेरी’. हे दोन्ही गुण अप्रभावी आहेत, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडूनही त्या जनुकाची प्रत मिळाली तरच तो रंग अंगावर उतरतो. एकच प्रत मिळालेला साप दिसायला साधाच असतो, मात्र ते जनुक तो पुढच्या पिढीला देऊ शकतो. अशा सापाला साप पाळणारे ‘हेट’ म्हणतात.

अ‍ॅमेल आणि अ‍ॅनेरी यांची जोडी लावली की, दोघांत दुसरे कोणते जनुक दडलेले नसल्यास, सगळी पिल्ले साधी दिसतात आणि नवखा साप पाळणारा हिरमुसतो. खरे फळ पुढच्या पिढीत असते. ही भावंडे, किंवा त्याहून बरे म्हणजे अशाच पण वेगळ्या कुळातल्या दोन सापांची जोडी, एकत्र आणल्यास प्रत्येकी 16 पिल्लांमागे सरासरी 9 साधी, 3 अ‍ॅमेल, 3 अ‍ॅनेरी आणि 1 पांढुरके ‘स्नो’ (लाल आणि काळे दोन्ही रंगद्रव्ये नसलेले) अपेक्षित असते. येथे ‘सरासरी’ हा शब्द विसरू नये. प्रत्येक अंड्याची सोडत स्वतंत्र असते. बरोबर 16 पिल्ले निघाली तरी सुमारे तीनातून एकदा त्यांत एकही स्नो नसते. याच जोडीतले साधे दिसणारे पिल्लू अ‍ॅमेलचे जनुक बाळगून असण्याची शक्यता दोन-तृतीयांश असते. विकताना किंवा देताना त्याला ‘66 टक्के हेट’ म्हणावे, नुसते ‘हेट’ म्हणू नये. खात्री हवी असल्यास त्याची जोडी अ‍ॅमेलशी लावावी: एक जरी अ‍ॅमेल पिल्लू निघाले तरी हेट सिद्ध होते, आणि सलग सात साधी निघाली तर तो हेट असण्याची शक्यता फारच थोडी उरते.

रंगासोबत दोषही वाहत येतात, याकडे डोळेझाक करू नये. ‘सनकिस्ड’ या मॉर्फच्या (म्हणजे रंग-नक्षीच्या प्रकाराच्या) काही कुळांत ‘स्टारगेझर’ नावाचा मज्जासंस्थेचा अप्रभावी दोष आढळला आहे. त्याच्या दोन प्रती मिळालेल्या पिल्लाला तोल सावरत नाही आणि त्याचे डोके वर वळते. अशा कुळातील साप तपासल्याशिवाय प्रजननात घेऊ नये, मग त्याचा रंग कितीही देखणा असो.

मादी किमान तीन वर्षांची आणि 300 ग्रॅमहून अधिक वजनाची असावी. शीतकाळ (प्रजननाआधीची थंडीतली विश्रांती) द्यायचा असल्यास आधी दोन आठवडे खाणे बंद करून पोट रिकामे होऊ द्यावे आणि मग दोन-अडीच महिने 10 ते 13 अंश सेल्सिअसमध्ये, पाणी कायम उपलब्ध ठेवून, काढावेत. बाहेर आल्यावर मादीला चांगले खाऊ घालावे आणि तिने पहिली कात टाकली की नराजवळ सोडावे. अंडी घालण्याच्या साधारण एक-दोन आठवडे आधी ती पुन्हा कात टाकते. त्या दिवशी डब्यात ओलसर मॉस (शेवाळ) भरून तिच्याजवळ ठेवावा.

अंडी मिळताच प्रत्येकाच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करावी आणि ती बाजू अखेरपर्यंत वरच ठेवावी, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत गर्भ कवचाच्या आत वर स्थिरावतो आणि अंडे उलटल्यास तो दगावू शकतो. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सुटी करू नयेत. व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या भुग्यात) वजनाने तितकेच पाणी मिसळावे. मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये. अंडी त्यात निम्मी रुतवून, झाकणाला एक-दोन बारीक भोके असलेला डबा थर्मोस्टॅट लावलेल्या इन्क्युबेटरमध्ये 27 ते 28 अंशांवर ठेवावा. या सापांत नर-मादी जनुकांवरूनच ठरतात, त्यामुळे तापमान बदलून काही साधत नाही. उलट 32 अंशांच्या वर गेल्यास पाठीचा कणा वाकडा होण्याचा आणि पिल्ले मरण्याचा धोका वाढतो.

आठवडाभराने अंधाऱ्या खोलीत अंड्याला न हलवता बारीक टॉर्च लावून पाहावे. जिवंत अंडे आतून गुलाबी उजळते आणि तांबड्या शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. नुसता पिवळा उजेड दिसला तर ते बहुधा वांझ असते. सुरुवातीलाच अंड्याला खोलगा पडला, तर ते कोरडे पडत आहे असे समजून पाणी कडेने, व्हर्मिक्युलाइटमध्ये घालावे, अंड्यावर नव्हे. शेवटच्या पंधरवड्यात पडणारे खोलगे मात्र स्वाभाविक असतात. माझ्या पहिल्या खेपेस हा फरक मला ठाऊक नव्हता. मी घाबरून वरून पाणी शिंपडले आणि तीन चांगली अंडी गमावली.

साधारण 55 ते 65 दिवसांनी कवचावर पात्याने कापल्यासारखी चीर दिसते, तिच्यातून पारदर्शक द्रव पाझरतो आणि नाकाचे टोक बाहेर येते. पिल्लू त्याच स्थितीत दिवस-दीड दिवस राहते, कारण पोटाशी उरलेला पिवळा बलक ते शोषून घेत असते. त्या वेळी त्याला ओढून काढल्यास बलकाची पिशवी फाटते. बाहेर आलेले प्रत्येक पिल्लू स्वतंत्र डब्यात ठेवावे, डब्यावर आईबापांचा क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि आठ-दहा दिवसांत पहिली कात पडल्यावर पहिला पिंकी उंदीर (नुकतेच जन्मलेले, बिनकेसांचे उंदराचे पिल्लू) द्यावा. रंगाची नोंदही त्या कातीनंतरच करावी, कारण त्याआधी रंग मळकट दिसतात. अ‍ॅनेरीच्या गळ्यावरचा पिवळा पट्टा तर पुष्कळ महिन्यांनी उमटतो, तेव्हा नोंदीच्या रकान्यात त्यासाठी जागा राखून ठेवावी.