पाहुण्या पाखरांचे आवाज टिपताय? या चुका टाळा

थंडी पडली की सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडीच्या तलावावर पट्टकादंब हंस उतरतात. मायणीच्या बाजूला रोहित दिसतात, चक्रवाक ओरडतात. ते कुठल्या रात्री आले आणि कधी निघून गेले, हे एकट्याला कळत नाही. रोज पहाटे प्रत्येक तळ्यावर कोण बसणार? म्हणून खटाव-माणपासून खाली भिलवडीपर्यंतची आम्ही काही माणसं आपापल्या गावात छोटे रेकॉर्डर बांधतो आणि फायली एकत्र करतो. बरीच पाखरं रात्री प्रवास करतात. डोळ्यांना न दिसलेला थवा वरून ओरडत गेला तर तो या फायलींत सापडतो. पण एकाची चूक सगळ्यांच्या नोंदी बिघडवते.

सगळ्यात महाग पडते ती घड्याळाची चूक. मी तळ्याच्या पाळीवरच्या बाभळीला ऑडिओमॉथ हा छोटा, ठरल्या वेळी आपोआप चालू होणारा रेकॉर्डर बांधला, सहा ते नऊ अशी वेळ घातली आणि दोन आठवड्यांनी कार्ड काढलं. हेडफोन लावला, तर पाखरू एखाददुसरंच. मोटारीची घरघर, गुराख्याची हाळी आणि मग लांबून शाळेच्या जेवणाच्या सुट्टीची घंटा. घंटा ऐकली आणि डोक्यात प्रकाश पडला. यंत्र जागतिक वेळेवर (यूटीसी) चालत होतं, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे सकाळचे सहा समजून मी रोज साडेअकरा ते अडीच टिपत होतो. ऐन हंगामातल्या चौदा पहाटा गेल्या.

म्हणून गटात आधी ठरवा: सगळ्यांनी जागतिक वेळ ठेवायची की सगळ्यांनी भारतीय. दोन्हींची सरमिसळ झाली की कुठल्या गावात थवा आधी पोचला हे सांगता येत नाही. ऑडिओमॉथचे तीन पेन्सिल सेल बदलले की घड्याळ पुन्हा लावावं लागतं, हेही लक्षात असू द्या. यंत्र सुरू असताना त्याच्यासमोर गाव, तारीख आणि मोबाइलमधली वेळ मोठ्याने बोला. काढतानाही तेच करा. घड्याळ मागेपुढे झालं असेल तर इथेच सापडतं.

जागा निवडताना उसाचा बांध टाळा. गाळप हंगाम आणि पाहुण्यांचा मुक्काम एकाच महिन्यांत येतात. पाल्याची सळसळ आणि ट्रॉल्यांवरची गाणी यांत तुतवारीची बारीक शीळ पार बुडून जाते. जाड बुंध्याला यंत्र चिकटवलं तर मागच्या बाजूचा आवाज अडतो. मनगटाएवढा खांब किंवा फांदी बघा, माइकवर घासणारी डहाळी आधी छाटा. प्लॅस्टिकची सैल पिशवी गुंडाळू नका, वाऱ्यात ती रात्रभर चरचरते. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, पहाटेचं दव आत शिरतं.

सेटिंग सगळ्यांचं एकच हवं. सॅम्पलिंगचा दर, म्हणजे यंत्र सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतं तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. १६ ठेवलं तर ८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उमटत नाही. ४८ ला तासाला साधारण ३४६ एमबी लागतात. सतत चालू ठेवलं तर ६४ जीबीचं कार्ड आठवड्याभरात भरतं, रोज तीन तास धरले तर दोन महिने पुरतं. फाइल व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जाऊ शकतो. यंत्रातली मूळ, न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल जपा.

आता बर्डनेट, म्हणजे आवाजावरून पाखरू ओळखणारा संगणक प्रोग्राम. कॉर्नेलची पक्षी प्रयोगशाळा आणि जर्मनीतलं केम्नित्झचं तांत्रिक विद्यापीठ यांनी ते मिळून घडवलंय. ते तीन-तीन सेकंदांचे तुकडे ऐकून नाव सुचवतं. सुचवतं, एवढंच. जागा आणि आठवडा घातला नाही तर कुठल्या कुठल्या खंडातली नावं येतात. भृंगराज दुसऱ्यांची हुबेहूब नक्कल करतो, खारही फसवते. नावासमोर ०.९ असा गुण दिसला म्हणजे नव्वद टक्के खात्री असं नाही. प्रत्येक जातीची हंगामातली पहिली आणि शेवटची नोंद दोघांनी आपापल्या कानांनी ऐकावी, मगच यादीत घ्यावी. आणि हाकांची संख्या म्हणजे पाखरांची संख्या नव्हे. चक्रवाकाची एकच जोडी रात्रभर ओरडून शंभर नोंदी देऊ शकते. हंस गप्प बसले तर तळं भरलेलं असूनही फाइल रिकामी राहते.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचं बोलणंही यंत्रात येतं. आधी गावात सांगा, ग्रामपंचायतीला कळवा, माणसांचे तुकडे पुसून टाका. राखीव क्षेत्रात वनखात्याची परवानगी घ्या. आवाज वाजवून पाखरांना जवळ बोलावू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाची ताकद त्यात वाया जाते.

कुणाकडे वेळ चुकलेली जुनी कार्डं असतील तर ती पुसू नका. संपूर्ण फाइल ठरावीक तासांनीच सरकलेली असते. कारखान्याचा भोंगा, देवळातली काकड आरती, शाळेची घंटा यांपैकी एक जरी ओळखता आली, तरी बाकीच्या वेळा तिच्यावरून लावता येतात. माझी ती चौदा दुपारांची फाइल मी तशीच लावून घेतली. दुपारी तळ्यावर कोण बोलतं, याची आमच्याकडची ती एकुलती एक नोंद आहे.